घरचा स्टोरेज सर्व्हर अडला? फॉरमॅट मारण्याआधी खालून वर तपासा



जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्ड डिस्क टाकून, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट बसवून घरचा किंवा गाळ्यातला स्टोरेज सर्व्हर कसा उभा करायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आजचा विषय त्याच्या पुढचा. सर्व्हर उभा राहिला, चार-सहा महिने मस्त चालला, आणि एका सकाळी पॅनल उघडेना, फोल्डर दिसेना, कंटेनर सुरू होईना. आता काय करायचं?

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात छोटे धंदे किती प्रकारचे आहेत बघा. एमआयडीसीत जॉबवर्क करणारे वर्कशॉप, चिंचणी-वाणगावकडचे डायमेकर, लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणारे स्टुडिओ, अकाउंटचं काम घेणारी छोटी ऑफिसं. सगळ्यांची एक गोष्ट सारखी आहे: मालापेक्षा फाइल महत्त्वाची झाली आहे. ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम, कोटेशन, टेस्ट सर्टिफिकेट, जीएसटीची बिलं. माल परत बनवता येतो. ग्राहकाने तीन वर्षांपूर्वी मंजूर केलेलं ड्रॉइंग परत कुठून आणणार?

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. म्हणजे २०२३-२४ च्या वर्षाचं रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, तर ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत तुमच्याकडे हवेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त काळ. "सर्व्हर उडाला हो साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून आजच्या लेखाची मुख्य गोष्ट आधीच सांगतो. सर्व्हर अडला म्हणजे डेटा गेला असं नसतं. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो जातो घाईत केलेल्या दुरुस्तीत, कुणीतरी "एकदा रिसेट मारून बघ" म्हटलं की. त्यामुळे दुरुस्तीची पद्धत शिकून घ्या. पद्धत सोपी आहे: खालून वर तपासायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

## गाळा, क्रेन आणि मशीन

प्लगइन आणि कंटेनर या दोन शब्दांत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एमआयडीसीतल्या गाळ्याचं उदाहरण घेऊ.

- गाळ्याची इमारत म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्या बाबतीत ओपनमीडियाव्हॉल्ट. जर्मनीच्या वोल्कर थीले यांनी सुरू केलेला हा मोफत प्रकल्प २०११ पासून लोक वापरतात. त्याच्या पोटात डेबियन लिनक्स आहे.
- छताच्या बीमला बोल्ट मारून बसवलेली क्रेन म्हणजे प्लगइन. ती इमारतीचाच भाग होते. इमारत बदलली की क्रेनचं मापही बदलावं लागतं.
- शॉप फ्लोअरवर आणून ठेवलेलं मशीन म्हणजे कंटेनर. त्याला लाइट आणि माल यायची वाट दिली की ते आपलं आपलं चालतं. खराब झालं तर उचलून दुसरं ठेवायचं. डॉकर हे असे कंटेनर चालवायचं साधन.
- गोडाऊन म्हणजे डेटाची डिस्क. खरी किंमत इथे आहे.
- सेटिंग म्हणजे कुठलं दार कुणाला उघडायचं, कुठली किल्ली कुणाकडे, याचे नियम.

आता लक्षात घ्या. मशीन बिघडलं म्हणून कुणी गोडाऊन जाळत नाही. पण सर्व्हरच्या बाबतीत लोक नेमकं तेच करतात. कंटेनर चालेना म्हणून सगळं फॉरमॅट करून नव्याने बसवायला घेतात, आणि त्यात डेटाची डिस्कही पुसली जाते.

## हात लावण्याआधी तीन नियम

एक. "वाइप", "फॉरमॅट", "इनिशिअलाइज", "क्रिएट" हे शब्द असलेलं कुठलंही बटण तपासणीच्या वेळी दाबायचं नाही. डिस्क पॅनलमध्ये दिसत नसली तरी नाही.

दोन. एका वेळी एकच बदल. पाच सेटिंग एकदम बदलल्यावर चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. नाही झालं, तर आता सहा अडचणी असतात.

तीन. एक साधी वही ठेवा. तारीख, काय दिसलं, काय बदललं, काय झालं. बाजूला उभा राहणारा मुलगा किंवा उद्या बोलावलेला टेक्निशियन, दोघांनाही ही वही उपयोगी पडते.

पुढे दोन-तीन कमांड येतील. त्या टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे.

## पायरी १: वीज

सगळ्यात खालचा थर. आपल्याकडे पावसाळ्यात फीडर ट्रिप होणं, लाइट येऊन-जाऊन करणं काही नवीन नाही. कॉम्प्युटर लगेच परत चालू होतो, पण डिस्क अर्धवट लिहीत असताना वीज गेली तर फाइल सिस्टीममध्ये दोष राहतो.

यूपीएस तर बऱ्याच जणांकडे असतो. पण त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडलेली नसते. मग होतं काय, बॅटरी वीस मिनिटं टिकते आणि एकविसाव्या मिनिटाला सर्व्हर तसाच झटक्याने बंद पडतो. यूपीएस असून नसल्यासारखा. घेतानाच विचारा: यूएसबी डेटा पोर्ट आहे का? असेल तर ओपनमीडियाव्हॉल्टचा "नट" नावाचा प्लगइन बसवा. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला नीट बंद करतो.

तपासणी अशी: चार्ज झालेल्या यूपीएसचा मेन स्विच मुद्दाम बंद करा, काम नसताना. सर्व्हर आपला आपण बंद झाला का? झाला नाही तर प्लगइन बसवलाय एवढ्यावर समाधान मानू नका.

## पायरी २: डिस्क

पॅनल उघडत असेल तर "स्टोरेज" मध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. डिस्क दिसते का, आणि फाइल सिस्टीम "माउंटेड" आहे का. डिस्क दिसणं म्हणजे गोडाऊन जागेवर आहे. माउंट असणं म्हणजे त्याचं शटर उघडलं आहे. दोन्ही वेगळं.

इथेच एक फसवा दोष आहे, तो नीट समजून घ्या. लाइट गेली, परत आली. सर्व्हर चालू झाला, पण डेटाची डिस्क माउंट व्हायला उशीर झाला किंवा झालीच नाही. तेवढ्यात कंटेनर सुरू झाला. त्याला सांगितलेला फोल्डर सापडला, पण रिकामा. किंवा सापडलाच नाही, म्हणून डॉकरने त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर बनवला. आता तुम्ही फोटोचं ॲप उघडता तर ते म्हणतं, "स्वागत आहे, नवीन अकाउंट बनवा." छातीत धस्स होतं. सगळं गेलं!

काहीही गेलेलं नाही. डेटा बंद शटरच्या आत आहे. अशा वेळी ॲपमध्ये नवीन अकाउंट बनवायचं नाही, फोटो परत अपलोड करायचे नाहीत. आधी कंटेनर थांबवा, डिस्क माउंट करा, खात्री करा, मग कंटेनर सुरू करा. नाहीतर नवीन फाइल सगळ्या छोट्या सिस्टीम डिस्कवर जाऊन बसतात, आणि ती भरली की पुढचा गोंधळ सुरू.

डिस्कच दिसत नसेल तर सर्व्हर बंद करून वायरी बघा. सातपाटी, दांडी, चिंचणी अशा किनाऱ्याजवळच्या गावांत खारी हवा, आणि कारखान्यात धूळ. कनेक्टर ढिला किंवा काळवंडलेला असू शकतो. पॅनलमध्ये "स्मार्ट" नावाचा डिस्कच्या तब्येतीचा अहवाल असतो. त्यात तीन ओळी बघायला शिका:

- रीअलोकेटेड सेक्टर: खराब झालेले आणि बदली दिलेले भाग. आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायची तयारी करा.
- करंट पेंडिंग सेक्टर: वाचता न येणारे भाग. शून्य नसेल तर आज बॅकअप घ्या, उद्या नको.
- यूडीएमए सीआरसी एरर: हा आकडा वाढला तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून वायरचा असतो. नवीन डिस्क घेण्याआधी स्वस्तातली साटा केबल बदलून बघा.

डिस्कमधून टकटक, खरखर आवाज येत असेल तर प्रयोग बंद. लगेच सर्व्हर बंद करा. हे काम डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात उरलासुरला डेटा जातो.

## पायरी ३: नेटवर्क

"काल चालत होतं, आज पॅनलच उघडत नाही." पहिला संशय आयपी ॲड्रेसवर घ्या. राउटर बंद-चालू झाला की तो सर्व्हरला नवीन नंबर देऊ शकतो. तुम्ही जुन्या नंबरावर दार ठोठावत बसता.

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे सर्व्हरचा आजचा नंबर बघा. सापडला की तिथेच तो नंबर सर्व्हरसाठी राखून ठेवा. राउटरमध्ये हा पर्याय "ॲड्रेस रिझर्व्हेशन" नावाने असतो. एकदा केलं की कायमचं काम.

यादीत सर्व्हरच नसेल तर स्क्रीन आणि कीबोर्ड थेट सर्व्हरला जोडा आणि "ओएमव्ही-फर्स्टएड" ही कमांड द्या. नावाप्रमाणे ही प्रथमोपचाराची पेटी आहे. नेटवर्क परत लावणं, पॅनलचा पासवर्ड बदलणं, पॅनलचा पोर्ट बदलणं, हे सगळं तिथून होतं आणि डेटाला हात लागत नाही.

पोर्टची अडचण कधी येते? पॅनल ८० नंबरच्या पोर्टवर उघडतं. तुम्ही एखादा असा कंटेनर टाकला की ज्यालाही ८० हवा आहे, तर दोघांची एकाच दारासाठी मारामारी. उपाय म्हणजे एकाचं दार बदलणं. कंटेनरच्या सेटिंगमध्ये "८०८०:८०" असं लिहिलेलं असतं. डावीकडचा नंबर सर्व्हरच्या बाहेरच्या दाराचा, उजवीकडचा कंटेनरच्या आतल्या दाराचा. बदलायचा तो डावीकडचा. उजवीकडचा तसाच ठेवा.

## पायरी ४: जागा संपली का?

पॅनल उघडतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान समोर येतं. एररही नाही. लोक पासवर्ड दहा वेळा बदलतात. पण यामागचं एक नेहमीचं कारण म्हणजे सिस्टीम डिस्क पूर्ण भरलेली असणं. लॉगिनची नोंद लिहायलाच जागा नाही, म्हणून सर्व्हर तुम्हाला आत घेत नाही.

"डीएफ -एच" ही कमांड द्या. प्रत्येक डिस्क किती टक्के भरली ते समोर येतं. सिस्टीम डिस्क १०० टक्के दिसली तर चोर सापडला.

जागा खातं कोण? बहुतेक वेळा डॉकर. तो मुळात आपलं सगळं सामान सिस्टीम डिस्कवर ठेवतो. जुन्या इमेज साचत जातात. शिवाय कंटेनरची लॉग फाइल, तिला मुळात मर्यादाच नसते. एखादा कंटेनर दर सेकंदाला एरर लिहीत बसला तर ती फाइल काही दिवसांत जीबीमध्ये जाते.

उपाय तीन. न वापरलेल्या इमेज काढून टाका. लॉगला कमाल आकार ठरवून द्या. आणि कंपोज प्लगइनच्या सेटिंगमध्ये डॉकरची साठवणीची जागा डेटा डिस्कवर न्या. एक सावधगिरी मात्र पाळा: इंटरनेटवर "प्रून" वाल्या साफसफाईच्या कमांड खूप सापडतात. इमेज प्रून ठीक आहे. पण "व्हॉल्यूम" शब्द असलेली प्रून कमांड समजल्याशिवाय देऊ नका. बंद पडलेल्या कंटेनरचा डेटा त्या व्हॉल्यूममध्ये असू शकतो.

## पायरी ५: परमिशन, म्हणजे किल्ल्या कुणाकडे

समजा, तुमच्या वर्कशॉपमध्ये तीन कॉम्प्युटर आहेत. ऑफिसमधून ड्रॉइंग उघडतं, पण मशीनजवळच्या नवीन लॅपटॉपवर "ॲक्सेस डिनाइड". तुम्ही सर्व्हर उलटापालटा करता, पण दोष सर्व्हरमध्ये नसतोच.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो एडिशनमध्ये पासवर्डशिवाय पाहुण्यासारखं आत शिरणं मुळातच बंद केलेलं आहे. त्यामुळे "गेस्ट" ठेवलेले शेअर जुन्या कॉम्प्युटरवर चालतात, नव्यावर नाहीत. विंडोजमध्ये जाऊन ती सुरक्षा बंद करायचे उपाय नेटवर मिळतील. ते करू नका. प्रत्येक माणसाला सर्व्हरवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या. हाच खरा उपाय, आणि कोण कुठल्या फोल्डरमध्ये लिहू शकतो हेही ठरवता येतं. ऑपरेटरला ड्रॉइंग फक्त वाचता यावं, बदलता येऊ नये. चुकून फाइल पुसली जाण्याचा धोका तिथेच संपतो.

पासवर्ड बदलल्यावरही विंडोज आत जाऊ देत नसेल तर त्याच्या "क्रेडेन्शियल मॅनेजर" मध्ये जुना पासवर्ड अडकलेला असतो. तो काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

जुन्या सीएनसी मशीनचा प्रश्न वेगळा. काही कंट्रोलरना फक्त एसएमबीची पहिली, फार जुनी आवृत्ती समजते. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ती मुळात बसवलेलीच येत नाही, कारण ती असुरक्षित आहे. एका मशीनसाठी सगळ्या सर्व्हरवर ती चालू करणं म्हणजे एका गाडीसाठी कंपाउंडची भिंत पाडणं. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने न्या, किंवा त्या मशीनपुरता वेगळा जुना कॉम्प्युटर ठेवा.

कंटेनरलाही किल्ली लागते. बऱ्याच कंटेनरच्या सेटिंगमध्ये "पीयूआयडी" आणि "पीजीआयडी" असे दोन नंबर असतात: हा कंटेनर कुठल्या युजरच्या आणि कुठल्या ग्रुपच्या नावाने फाइल उघडणार. नेटवरच्या नमुन्यात दोन्हीकडे १००० लिहिलेलं असतं. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये पहिल्या युजरचा नंबर साधारण १००० असतो, पण "युजर्स" ग्रुपचा नंबर १०० असतो. नुसतं कॉपी-पेस्ट केलं की इथे अडतं. "आयडी" कमांडपुढे युजरचं नाव लिहा, खरे नंबर कळतात.

आणि हो, "७७७ परमिशन दे, सगळं चालेल" हा सल्ला तुम्हाला मिळणारच. त्याचा अर्थ सगळ्या कुलपांच्या किल्ल्या फाटकावर टांगणं. चालेल नक्की, पण कुणासाठी?

## पायरी ६: कंटेनर

खालचे पाच थर नीट असतील तरच इथे या. कंटेनर काय म्हणतो ते त्याच्या लॉगमध्ये असतं. पॅनलमध्ये कंपोज प्लगइनखाली प्रत्येक कंटेनरची स्थिती आणि लॉग दिसतो. शेवटच्या वीस ओळी वाचा. इंग्रजीला घाबरू नका, ठराविक वाक्यंच परत परत येतात:

- पोर्ट आधीच वापरात आहे: डावीकडचा नंबर बदला.
- परमिशन डिनाइड: पायरी ५ वर परत जा.
- एक्झेक फॉरमॅट एरर: इंटेलच्या कॉम्प्युटरसाठी बनलेली इमेज रास्पबेरी पायवर टाकली आहे, किंवा उलटं.
- एक्झिट कोड १३७: कंटेनर मारून टाकला गेला. बहुतेक वेळा रॅम कमी पडली. ४ जीबी रॅमवर आठ कंटेनर चालवण्याचा हट्ट सोडा.
- वायएएमएल एरर: सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागा चुकली. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी लागते.
- फाइलची वेळ साडेपाच तास मागे: कंटेनर जागतिक वेळेवर चालतोय. टाइम झोनमध्ये एशिया, कोलकाता लिहा.

फोल्डरचा पत्ता लिहिताना लिनक्समध्ये इंग्रजी मोठं आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं हे विसरू नका. कॅपिटल पीचा फोटोज फोल्डर वेगळा, स्मॉल पीचा वेगळा.

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे "लेटेस्ट" हा शब्द. इमेजच्या नावापुढे लेटेस्ट लिहिलं की अपडेट करताना जी आवृत्ती नवी असेल ती येते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस एका मोठ्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर आपोआप जात नाही. जुन्या फाइल मला वाचता येत नाहीत म्हणून तो सुरूच होत नाही. नेक्स्टक्लाउडमध्येही मोठ्या आवृत्त्या एक-एक पायरीनेच चढाव्या लागतात, मधली उडी चालत नाही. म्हणून धंद्याच्या कामाच्या कंटेनरपुढे आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा. अपडेटनंतर अडलं तर घाबरू नका. बहुतेक कंटेनरमध्ये जुना नंबर परत लिहिला की तो पूर्वीसारखा उभा राहतो. पण नव्या आवृत्तीने डेटाबेसमध्ये बदल करून टाकले असतील तर मागे येता येत नाही. म्हणून अपडेटआधी बॅकअप, हा नियम.

## पायरी ७: प्लगइन आणि पॅनल

प्लगइन म्हणजे बीमला बोल्ट केलेली क्रेन, आठवतंय ना? ओपनमीडियाव्हॉल्टची सहावी आवृत्ती डेबियन ११ वर आहे, सातवी डेबियन १२ वर. मोठं अपग्रेड करताना सगळी इमारतच बदलते. त्याआधी यादी करा: कोणते प्लगइन आहेत, प्रत्येकाची नव्या आवृत्तीसाठीची बांधणी आली आहे का, आणि नको असलेले कोणते काढता येतील. मार्च महिना, दिवाळीची ऑर्डर, लग्नसराई, या दिवसांत अपग्रेड करूच नका.

अपग्रेडनंतर पॅनल विचित्र दिसलं, मेनू गायब झाले, तर आधी ब्राउझरची कॅश साफ करा. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

पॅनलमध्ये वर पिवळी पट्टी दिसते: बदल अजून लागू व्हायचे आहेत. ती लागू करताना एरर आला तर "शो डिटेल्स" उघडून शेवटच्या ओळी वाचा. कुठली सेवा अडली त्याचं नाव तिथेच असतं.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. ओपनमीडियाव्हॉल्ट आपली सेटिंग स्वतःच्या एका नोंदवहीत ठेवतं आणि त्यावरून बाकीच्या फाइल लिहितं. नेटवर बघून तुम्ही आतली फाइल हाताने बदलली तर आज चालेल, पण पुढच्या वेळी पॅनलमधून "अप्लाय" दाबलं की तुमचा बदल पुसला जाईल. "मी तर नीट केलं होतं, परत कसं बिघडलं?" याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. जे पॅनलमध्ये होतं ते पॅनलमधूनच करा.

## बाहेरून उघडण्याचा मोह

ट्रेनमध्ये बसून मोबाईलवर फाइल बघता आली पाहिजे, हे बरोबर. पण त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीच्या व्हायरसनी जगभरातल्या क्यूनॅप कंपनीच्या स्टोरेज सर्व्हरना गाठलं. फाइलना कुलूप आणि बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी. इंटरनेटवर उघडे असलेले सर्व्हर त्यात सापडले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या माय बुक लाइव्ह उपकरणांवर बाहेरून रिसेट मारला गेला आणि लोकांचा डेटा पुसला गेला. हे लोक कुणी मोठे उद्योगपती नव्हते. घरचे आणि छोट्या ऑफिसचेच सर्व्हर होते.

वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरा. तुमच्या मोबाईलपासून सर्व्हरपर्यंत खाजगी बोगदा तयार होतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट कनेक्शनमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड केलं तरी चालत नाही. लोक दोन दिवस प्लगइनला दोष देत बसतात, आणि दोष प्लगइनमध्ये नसतोच.

## बॅकअपशिवाय दुरुस्ती नाही

दोन डिस्क रेडमध्ये लावल्या म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. एका डिस्कवर फाइल पुसली की दुसरीवरही त्याच क्षणी पुसली जाते. रेड हे डिस्क बिघडण्यापासून संरक्षण आहे, माणसाच्या चुकीपासून नाही.

जगभर वापरला जाणारा नियम ३-२-१: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. आपल्याला हे सोपं आहे. गाळा बोईसरला आणि घर पालघरला असेल तर मध्ये फक्त उमरोळी स्टेशन. दर शनिवारी एक पोर्टेबल डिस्क घरी न्यायची, घरची गाळ्यात आणायची. गाळ्यात पाणी शिरलं किंवा आग लागली तरी धंदा उभा राहतो. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल खरंच उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वठवलेला चेक.

बॅकअपमध्ये फक्त फाइल नकोत. कंटेनरच्या सेटिंगच्या फाइल आणि त्यांचा डेटाबेसही घ्या. या दोन गोष्टी असतील तर नव्या मशीनवर अख्खा सर्व्हर एका दुपारी परत उभा राहतो.

## स्वतः करायचं की माणूस बोलवायचा?

शेवटी आपण उद्योजक आहोत, सर्व्हर दुरुस्त करणं हा आपला धंदा नाही. म्हणून वेळेची मर्यादा ठरवा. पायऱ्या १ ते ४ एका तासात होतात. तासाभरात कारण सापडलं नाही तर थांबा आणि स्वतःला विचारा: या तासाला मी मशीनवर किंवा ग्राहकाकडे किती कमावलं असतं? माणूस बोलावण्याचा खर्च त्याहून कमी असेल तर बोलवा, आणि त्याच्या हातात तुमची वही द्या. निम्मा वेळ तिथेच वाचतो.

ज्यांना ही तपासणी जमते, आवडते, त्यांनी दुसऱ्या बाजूनेही विचार करा. तुमच्या आजूबाजूला किती वर्कशॉप, स्टुडिओ, ऑफिसं आहेत ज्यांचा सगळा डेटा एकाच जुन्या कॉम्प्युटरवर पडून आहे? सर्व्हर बसवून देणं हे एकदाचं काम. दर महिन्याला येऊन डिस्कचा अहवाल बघणं, बॅकअप उघडून दाखवणं, यूपीएसची चाचणी घेणं आणि सही-शिक्क्याचा एक कागद देणं, ही चालू राहणारी सेवा आहे. वॉटर प्युरिफायरचं वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट लोक घेतात, मग डेटाचं का नाही घेणार? फक्त एक पथ्य पाळा: ग्राहकाचा डेटा बघायचा नाही, आणि पासवर्ड त्याच्याच हाताने टाकून घ्यायचा. या धंद्यात विश्वास हेच भांडवल.

## या आठवड्याचा होमवर्क

१. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी राखून ठेवा.
२. सिस्टीम डिस्क किती टक्के भरली ते बघा.
३. स्मार्ट अहवालातले तीन आकडे वहीत लिहा.
४. प्रत्येक कंटेनरच्या आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा.
५. यूपीएसची चाचणी घ्या.
६. बॅकअपमधली एक फाइल उघडून बघा.

सहाही कामं सर्व्हर चालू असतानाच करायची आहेत. अडल्यावर हेच आकडे वहीत असले की तुम्ही अंदाज बांधत बसत नाही, थेट कारणापर्यंत पोहोचता. आणि त्या दिवशी कुणी "फॉरमॅट मारून टाक" म्हणालं, तर त्याला चहा पाजा, पण कीबोर्डला हात लावू देऊ नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत रहा, धंदा वाढवत रहा.